कॅरम, पत्ते, भजन आणि सांभारवडी : प्रौढांच्या वाचा व बौद्धिक उपचारांत छंदांचा उपयोग कसा करावा

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आयुष्यभर सहकारी पतसंस्थांचे हिशेब तपासलेल्या एका गृहस्थांच्या पुढ्यात मुलांची अंकलिपी उघडून ठेवलेली होती. लकव्याच्या झटक्याला तेव्हा सात आठवडे झाले होते. मुलगा चित्रावर बोट ठेवून अननस, आंबा, इमारत असे म्हणत होता आणि वडील मान वळवून खिडकीबाहेर पाहत होते. मुलाच्या तळमळीत काही खोट नव्हती; परंतु वडिलांची समज आणि त्यांचा मान शाबूत आहे, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या हिशेबात धरलेली नव्हती. त्याच खोलीत कपाटाच्या मागे एक कॅरम बोर्ड उभा करून ठेवलेला होता. पुढच्या भेटीत आम्ही तो खाली काढला, पावडर टाकली आणि मी सोंगट्या एकेक करून मोजू लागले. पाचाच्या पुढे मी मुद्दाम थांबले. गृहस्थांनी डाव्या हाताने सहावी सोंगटी पुढे सरकवली आणि त्यांच्या तोंडून ‘सहा’ निघाले, मग ‘सात’, मग ‘आठ’.

मोजणी, वारांची नावे, आरती, पाढे ही तोंडी बसलेली भाषा असते. मनात शब्द शोधून वाक्य जुळवण्याच्या वाटेपेक्षा तिची वाट काहीशी वेगळी असल्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाल्यावरही ती पुष्कळदा टिकून राहते. या टिकलेल्या भाषेला धरून हवे तेव्हा हवा तो शब्द बोलता येण्यापर्यंत माणसाला कसे न्यावे, आणि त्यासाठी त्याच्या आवडीचे खेळ, छंद व घरकामे कशी योजावीत, हे मी येथे क्रमाने सांगत आहे. मनोरंजन म्हणजे उपचार संपल्यानंतरचा विरंगुळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझा अनुभव असा आहे की, प्रौढ माणूस जी गोष्ट स्वतःहून शंभर वेळा करील तिच्यात उपचाराचा हेतू नीट बसवला, तर ती गोष्टच उपचार होते. आणि तो हेतू बसवला नाही, तर ती केवळ वेळ घालवणे ठरते.

आधी निदान, मग खेळ

सर्वप्रथम नेमकी अडचण कोणती, हे तज्ज्ञाकडून समजून घ्यावे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो ‘टॅन’ या एका उच्चाराखेरीज जवळजवळ काहीच बोलू शकत नसे, मात्र इतरांचे बोलणे त्याला बरेचसे कळत असे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला : बोलणे ओघवते, परंतु शब्द चुकीचे आणि ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही. वाचाघाताची, म्हणजे अफेजियाची, ही दोन टोके आजही उपयोगी पडतात, कारण पहिल्या प्रकारच्या व्यक्तीला बोलण्याची संधी देणारा खेळ हवा असतो आणि दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीला आधी ऐकून कृती करण्याचा. यांखेरीज केवळ स्नायूंच्या कमजोरीमुळे उच्चार अस्पष्ट होणे, म्हणजे डिसार्थ्रिया, आणि स्नायूंत बळ असूनही उच्चाराची जुळणी न होणे, म्हणजे अ‍ॅप्रेक्सिया, हे वेगळे प्रकार आहेत. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल, तर शब्द ठीक येतात, परंतु लक्ष टिकत नाही, डावीकडच्या वस्तू नजरेतून सुटतात आणि संभाषणाचा धागा भरकटतो.

ही तपासणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. त्याच सुमारास कान आणि डोळेही तपासावेत. शब्द समजत नाही म्हणून ज्यांना आम्ही सोप्या सूचना देत होतो, त्या एका आजींना प्रत्यक्षात ऐकूच कमी येत होते. गिळताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरीत होतो का, हे विचारल्याशिवाय खाण्याशी संबंधित कोणताही उपक्रम सुरू करू नये.

पहिली पायरी : आवडीची यादी, पण बारकाव्यांसह

‘तुमच्या वडिलांना काय आवडते?’ असे विचारले की, ‘टीव्ही पाहतात’ एवढेच उत्तर येते. म्हणून मी प्रश्न बदलते. रविवारी सकाळी ते कुठे असत, कोणाबरोबर असत, हातात काय असे, आणि कशावरून वाद घालत? फुटाळा तलावावर फिरायला जाणारा माणूस आणि फुटाळ्याला मित्रांबरोबर क्रिकेटवर वाद घालायला जाणारा माणूस, या दोघांचे उपचार वेगळे होतात. तान्हा पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवणारे आजोबा, मारबतीची मिरवणूक लहानपणापासून न चुकवलेले इतवारीतील व्यापारी, संध्याकाळी मंडळात खंजिरी वाजवणारे भजनी, दिवाळीत शेजारपाजारच्या मुलींना रांगोळी शिकवणाऱ्या काकू, या प्रत्येकाजवळ शब्दांचा आपापला साठा असतो आणि तोच आपल्याला हवा असतो.

यादी करताना शब्दही त्यांचेच लिहून घ्यावेत. नागपूरच्या घरांत कोथिंबिरीला सांभार म्हणतात, शेंगदाण्याला फल्लीदाणे, चवळीच्या शेंगांना बरबटी, आणि बटाट्याला पुष्कळदा आलू. बाहेरून आणलेल्या चित्रसंचात कोथिंबिरीचे चित्र पाहून एखादी बाई ‘सांभार’ म्हणाली आणि कोणी तिच्यापुढे चुकीची फुली मारली, तर ती चूक फुली मारणाऱ्याची आहे. तीच गोष्ट हिंदीची. येथे माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि मित्रांत दोन्ही मिसळून. ‘किल्ली’ न आठवता हिंदीतली ‘चाबी’ आठवली, तर शब्द सापडला असेच धरावे. घरच्या खेळात मराठी आणि भाजीबाजाराच्या सरावात हिंदी, अशी विभागणी नैसर्गिक असेल तशीच ठेवावी.

दुसरी पायरी : एका उपक्रमात एकच उद्दिष्ट

सर्वांत जास्त चुका येथे होतात. पत्ते हातात दिले की घरचे लोक एकाच वेळी शब्द, उच्चार, मोजणी, स्मरण आणि हाताची हालचाल असे सगळे सुधारू पाहतात, आणि वीस मिनिटांत माणूस थकून पत्ते खाली ठेवतो. म्हणून आजच्या डावात आपण काय पाहणार आहोत, हे एका वाक्यात लिहून ठेवावे : ‘पत्ता टाकताना रंग आणि आकडा, असे दोन शब्द म्हणणे’, किंवा ‘दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत लक्ष न हटणे’, किंवा ‘जोराने बोलणे’. इतर चुकांकडे त्या दिवशी दुर्लक्ष करावे. उच्चार अस्पष्ट आला, पण शब्द बरोबर होता आणि उद्दिष्ट शब्दाचे होते, तर तो विजयच मानावा.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांबाबत हे सोपे असते, कारण त्यांचे उद्दिष्ट बहुधा आवाजाच्या जोराचे असते. वर्तमानपत्राचे मथळे दारापाशी बसलेल्या माणसाला ऐकू जातील असे वाचून दाखवणे किंवा मंडळात अग्रणी होऊन भजन म्हणणे त्यांना पुरते.

तिसरी पायरी : जागा आणि वेळ

नागपुरात एप्रिलपासून जूनपर्यंत कूलर हा उपचाराचा मोठा शत्रू आहे. त्याच्या घरघरीत ‘च’ आणि ‘स’ यांसारखे ध्वनी बुडून जातात, आणि ज्याला आधीच शब्द पकडणे अवघड जाते, त्याला बोलणे नुसत्या गोंगाटासारखे ऐकू येते. म्हणून सकाळी आठच्या आत, कूलर व टीव्ही बंद ठेवून, पंख्याखाली बसावे. दुपारी ऊन ४५ अंशांच्या घरात असताना सराव करू नये. डोके चालत नाही, आणि न चालल्याचे दुःख मात्र राहते. एका बैठकीला वीस ते तीस मिनिटे पुरेत. थकवा आधी डोळ्यांत दिसतो, मग शब्दांत.

बसताना समोरच्याचा चेहरा आणि ओठ दिसतील असे बसावे. डावीकडचे सुटत असेल, तर कॅरमच्या किंवा वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल रुंद फीत चिकटवावी आणि प्रत्येक वेळी नजर आधी त्या फितीपर्यंत न्यायची सवय लावावी. उजवा हात दुबळा असेल, तर पत्ते धरायला लाकडी खाच असलेली पट्टी किंवा उलटी ठेवलेली कंगव्यांची जोडी चालते. कॅरम डाव्या हातानेच खेळावा; नेम चुकला तरी हरकत नाही, कारण आपण नेम शिकवत नाही.

चौथी पायरी : शब्द अडला की काय करावे

या लेखातले एवढे एकच प्रकरण घरच्यांनी पक्के शिकून घेतले, तरी मला समाधान वाटेल. शब्द अडला की आपण तो लगेच सांगून टाकतो, आणि समोरच्या माणसाला स्वतः शोधण्याची संधीच मिळत नाही. त्याऐवजी पायऱ्यांनी मदत करावी. समजा, शब्द ‘संत्रे’ आहे. पहिली मदत म्हणजे थांबणे : मनात एकपासून दहापर्यंत मोजावे, आणि त्या वेळी डोळे माणसावर ठेवावेत, मोबाइलवर नव्हे. दुसरी मदत अर्थाची : ‘काटोल-वरूडकडून येते, सोलून फोडी करून खातो.’ तिसरी मदत अपुऱ्या वाक्याची : ‘आपले नागपूर कशासाठी प्रसिद्ध? गोड रसाळ…’ चौथी मदत पहिल्या ध्वनीची : ‘सं…’ आणि ओठ-जीभ तशीच धरून ठेवावी. पाचवी मदत म्हणजे पूर्ण शब्द सांगून सोबत म्हणवून घेणे. ज्या पायरीवर शब्द आला, त्या पायरीचा क्रमांक वहीत टिपावा, आणि पाच-सात मिनिटांनी तोच शब्द खेळात पुन्हा यावा अशी व्यवस्था करावी, नाहीतर तो तेवढ्यापुरताच येतो.

याला जोड म्हणून ‘ओळखा पाहू’ हा खेळ चांगला. एक वस्तू ठरवून तिचा गट, उपयोग, रूप, जागा, तिच्याशी जोडलेली आठवण हे एकेक करून सांगायचे आणि इतरांनी ओळखायचे. बॉयल आणि कोएल्हो यांनी १९९५ मध्ये वाचाघातावर वापरलेल्या अर्थवैशिष्ट्यांच्या पद्धतीचा हा घरगुती अवतार आहे. शब्द स्वतः मिळाला नाही, तरी भोवतालचे शब्द जागे झाले की तो जवळ येतो, आणि मिळाला नाहीच, तर तोपर्यंत माणसाने आपला आशय समजावून दिलेलाच असतो.

पायऱ्यांनी मदत करताना एक अपवाद लक्षात ठेवावा. ज्याची स्मरणशक्ती गंभीरपणे क्षीण झाली आहे, त्याला अंदाज करायला लावू नये, कारण तो चुकीचा अंदाजच लक्षात ठेवतो. अशा व्यक्तीला बरोबर उत्तर आधीच सांगून मग म्हणवून घ्यावे. बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये हे दाखवून दिले आणि स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मी ते काटेकोरपणे पाळते.

पत्ते आणि कॅरम

बदाम सात हा खेळ नागपुरात बहुतेक घरांना ठाऊक असतो. बदामची सत्ती टाकून सुरुवात होते आणि मग प्रत्येक रंगात सातच्या वर-खाली क्रमाने पाने लागतात. यात क्रम, पाळी, रंगओळख आणि ‘पास’ म्हणण्याचा संयम असे सगळे येते, पण बोलण्याची गरज फारशी पडत नाही. म्हणून एक नियम जोडावा की, पान टाकण्याआधी त्याचे नाव म्हणायचे. रोज किमान पन्नास वेळा ‘इस्पिकचा अठ्ठा’, ‘चौकटचा गुलाम’ असे दोन शब्दांचे बोलणे त्यातून घडते, आणि ‘चा’ हा प्रत्यय सुटला तर तो कुठे सुटतो तेही कळते.

बोलायची खरी गरज निर्माण करणारा खेळ वेगळा. दोन जोड घ्यावेत, त्यांतून बारा जुळ्या पानांच्या चोवीस पानांची वाटणी करावी, आणि दोन खेळाडूंमध्ये पाट किंवा मोठी वही उभी ठेवून आडोसा करावा, म्हणजे दाखवून भागणार नाही. प्रत्येकाने समोरच्याकडे जुळे पान तोंडाने मागावे. सुरुवातीला ‘सात’ एवढे पुरे. जमले की ‘बदामचा सात’. मग ‘बदामचा सात आहे का?’, आणि शेवटी ‘काकाजी, मला बदामचा सात द्या.’ पुल्व्हरम्युलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशाच आडोशाच्या पत्त्यांच्या खेळावर उपचारपद्धती उभारली होती आणि दहा दिवस रोज किमान तीन तास असा सराव त्यांनी घेतला होता. घरी तेवढा वेळ देणे कठीण. परंतु बोलण्यावाचून इलाज नसावा, हे तत्त्व मात्र तिथून घेण्यासारखे आहे. मी त्यात एक सवलत देते : शब्द अगदीच अडला तर बोटांनी सात दाखवले, कागदावर बदाम काढला, तरी चालेल. कारण संवाद तुटण्यापेक्षा तो दुसऱ्या वाटेने पूर्ण होणे मला अधिक मोलाचे वाटते.

कॅरममध्ये हिशेब मोठा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक राणी. घरगुती गुणांनी पांढरी २०, काळी १० आणि राणी ५० धरली तर पूर्ण बोर्ड ३२० गुणांचा होतो. महालातील त्या गृहस्थांकडे आम्ही गुणांची वही दिली. पहिल्या आठवड्यात ते सोंगट्या मोजून फक्त बोटे दाखवत; चौथ्या आठवड्यात ‘वीस… चाळीस… साठ’ असे वीसच्या पाढ्याच्या लयीत म्हणू लागले आणि एकदा मुलाने दहा गुण जास्त धरले, तेव्हा त्यांनी स्ट्रायकर बोर्डावर आपटून ‘नाही! चाळीस!’ म्हटले. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला चुकीचा हिशेब सहन झाला नाही. मुलगा हसला, मी वहीत लिहिले : ‘स्वतःहून, मदतीविना, दोन शब्द’.

लक्ष विभागण्याचा सराव याच खेळात पुढे नेता येतो : नेम धरताना गुण मोजणे, किंवा पत्ते लावताना एक मिनिट रंगाप्रमाणे आणि पुढचे मिनिट आकड्याप्रमाणे गट करणे. पहिल्या प्रकारात एकाच वेळी दोन कामे, दुसऱ्यात कामाची अदलाबदल. दोन्ही एकाच दिवशी करू नयेत.

गाणे

न बोलणारा माणूस आरती म्हणतो, हे पाहून घरचे लोक हरखून जातात आणि पुढे काहीच न झाल्याने निराश होतात. आरतीचे शब्द आपोआप बोलण्यात उतरत नाहीत. त्यासाठी पूल बांधावा लागतो. अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये सुरावटीवर आधारित उपचार मांडला, तो या पुलासाठीच. तीन-चार अक्षरांचा, रोज लागणारा बोल निवडावा : ‘पाणी दे’, ‘चहा हवा’. उंच आणि खालचा असे दोनच सूर वापरून तो गुणगुणावा आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने मांडीवर थाप द्यावी. आधी आपण गुणगुणावे व त्यांनी ऐकावे. मग दोघांनी मिळून म्हणावे. मग मध्येच आपला आवाज काढून घ्यावा. मग आपण म्हटल्यावर त्यांनी परत म्हणावे. आणि शेवटी ‘काय हवे?’ या प्रश्नाला त्यांनी तेच उत्तर द्यावे. सूर हळूहळू सपाट करीत बोलण्याजवळ आणावा. ज्याला ऐकून समजते आणि बोलताना अडते, त्यालाच याचा चांगला उपयोग होतो. ओघवते पण निरर्थक बोलणाऱ्याला यातून फारसे मिळत नाही.

भजनी मंडळातल्या माणसाला खंजिरी हातात द्यावी, मात्र तिचा ठेका बोलांच्या लयीपेक्षा जलद होऊ देऊ नये.

स्वयंपाकघर : क्रियापदांचा खजिना

ब्रोका प्रकारच्या वाचाघातात नामे राहतात आणि क्रियापदे गळतात : ‘मी… बाजार… भाजी… पिशवी’. खेळांत क्रियापदे थोडी असतात, स्वयंपाकघरात भरपूर. सांभारवडी हा या दृष्टीने उत्तम पदार्थ आहे. सांभार निवडा, धुवा, कोरडा करा, चिरा. खोबरे व तीळ भाजा, खसखस घाला, सारण परता. पीठ भिजवा, पारी लाटा, चिंचगुळाचे पाणी लावा, सारण भरा, घडी घाला, कडा दाबा. एवढ्या एका पदार्थात बारापेक्षा जास्त क्रिया येतात आणि प्रत्येक क्रिया हाताने होत असल्याने शब्दाला कृतीचा आधार मिळतो.

त्रिमूर्तीनगरमधील एका काकूंबरोबर आम्ही हे केले. त्या हुकूम देत आणि सून करीत असे. म्हणजे बोलल्याशिवाय वडी पुढे सरकणार नव्हती. सुनेने एकदा सांभार धुतल्याबरोबर चिरायला घेतला. काकूंनी तिचा हात धरला, ओठ दोनदा हलले, मग ‘को… कोरडा!’ असे निघाले आणि त्यांनी फडक्याकडे बोट दाखवले. तो शब्द मी त्यांना कधी शिकवला नव्हता. ओल्या सांभाराने सारण बिघडते, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होते.

क्रम लावण्याची अडचण असेल, तर पायऱ्यांच्या चिठ्ठ्या करून आधी त्या लावून घ्याव्यात, मग पदार्थ करावा. एक चिठ्ठी मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून ती शोधायला लावणे हा पुढचा टप्पा. एका हाताने काम करणाऱ्यासाठी भांड्याखाली ओले फडके ठेवावे, म्हणजे ते सरकत नाही. तळणे नेहमी घरच्या दुसऱ्या माणसाने करावे. आकडीचा त्रास, डावीकडचे न दिसणे किंवा विसरभोळेपणा यांपैकी काहीही असेल, तर गॅसजवळ उभे करू नये.

स्मरणाचा सराव खेळाच्या फटींत

नवी माहिती लक्षात ठेवायची असेल, तर ती वाढत्या अंतराने विचारावी. ‘औषधाची डबी कुठे?’ ‘फ्रीजवरच्या टोपलीत.’ हे आधी लगेच विचारावे, मग अर्ध्या मिनिटाने, एका, दोन, चार आणि आठ मिनिटांनी. मधल्या वेळात कॅरम किंवा शेंगा सोलणे चालू ठेवावे. उत्तर चुकले की बरोबर उत्तर लगेच सांगून म्हणवून घ्यावे आणि ज्या अंतरावर शेवटचे बरोबर आले होते तिथे परतावे. स्मृतिभ्रंशातसुद्धा अशा रीतीने एक-दोन अत्यावश्यक गोष्टी टिकवता येतात. मात्र एका वेळी एकच.

जुन्या आठवणींसाठी छायाचित्रे घ्यावीत, पण ‘हे कोण, आठवते का?’ असे कधीही विचारू नये. ‘हा तान्हा पोळा, बैलाच्या शिंगाला बेगड लावली आहे, कोणी लावली असेल?’ असे म्हणून वाट पाहावी. उत्तर चुकीचे आले तरी त्यातून कथा येते, आणि कथा सांगण्याचाच सराव आपल्याला हवा आहे.

घराबाहेर

बाहेर पडण्याची घाई नको, पण उशीरही नको. गोकुळपेठच्या बाजारात जाण्याआधी तीन वाक्ये घरीच पाठ करून घ्यावीत : ‘आलू अर्धा किलो’, ‘कितने के दिए?’, ‘पिशवी आहे’. खिशात एक कार्ड ठेवावे : ‘मला लकव्यानंतर बोलायला वेळ लागतो. मला समजते. कृपया थांबा.’ भाजीवाल्या भाऊंना हे कार्ड दाखवले की ते बहुधा आनंदाने थांबतात; अडचण येते ती आपल्याच सोबतीची, कारण तीच मध्ये बोलून मोकळी होते.

नियोजनाचा सराव हवा असेल, तर मेट्रोची सफर चांगली. दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात, त्यामुळे कुठे बसायचे, कुठे बदलायचे, तिकिटाला किती लागतील, परतायला किती वाजतील हे आदल्या दिवशी कागदावर लिहून घेता येते, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाले का ते ताडून पाहता येते. हिवाळ्यात सकाळी अंबाझरीला किंवा महाराजबागेत जाणे बरे. मार्चनंतर सूर्य वर यायच्या आत परत यावे.

चार-पाच जणांचा गट जमला, तर अधिक चांगले. प्रत्येकाला एक काम द्यावे : एकाने पाने वाटावीत, एकाने गुण लिहावेत, एकाने चहाची मागणी विचारावी. बोलायला सर्वांत जास्त अडणाऱ्यालाच चहा विचारायला लावावे. प्रश्न एकच असतो, माणसे बदलतात, त्यामुळे पुनरावृत्ती होते आणि ती खोटी वाटत नाही.

नोंद, वाढ आणि थांबणे

दर बैठकीला एकाच उद्दिष्टाची नोंद करावी : किती संधी आल्या, किती वेळा स्वतःहून जमले, किती वेळा कोणत्या पायरीची मदत लागली. दहापैकी आठ वेळा सलग तीन बैठकांत जमले की पुढच्या कठीण टप्प्याला जावे; दहापैकी पाचांच्या खाली आले की सोपे करावे. हे अंक रुग्णासमोर मोजू नयेत, नाहीतर खेळाची पुन्हा परीक्षा होते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात वाचाघातावर भाषा-उपचारांचा उपयोग होतो असे आढळले, आणि अधिक तासांच्या उपचारांतून लाभ अधिक दिसला, तरी त्यांतून मध्येच सोडून जाणारेही अधिक होते. आवडीच्या कामाला बसलेला माणूस सहसा उठून जात नाही, म्हणून मी तास वाढवण्याआधी आवड शोधते.

सलग तीन-चार दिवस माणूस बसायलाच तयार नसेल, रडत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर खेळ बदलून भागणार नाही. लकव्यानंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि त्यावर वेगळे उपचार असतात. खेळता खेळता तोंड वाकडे झाले, हात गळला किंवा काल येत असलेले बोलणे अचानक गेले, तर थकवा समजून वाट पाहू नये. वेळ लिहून ठेवावी, १०८ ला फोन करावा आणि मेंदूची तपासणी होणाऱ्या रुग्णालयात न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

बोलण्याचा दोष कायमचा राहिल्यास २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि वाचाघात त्यात मोडतो; प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे पुष्कळ कुटुंबांना कोणी सांगितलेलेच नसते.

तज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाताना ही वही आणि खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बरोबर न्यावा. व्हिडिओत रुग्णाइतकेच समोरचा माणूस किती थांबतो ते दिसले पाहिजे, म्हणून मोबाइल दोघे दिसतील असा ठेवावा.